त्या दोन दगडांचा पत्ता मी का पुसला

या ब्लॉगवरची सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट कोणती, असं कोणी विचारलं असतं, तर या एप्रिलपर्यंत मी मोठ्या ऐटीत सांगितलं असतं : 'जर्मनीत भेटला आपला म्हसोबा'. दोन वर्षांपूर्वीची. ती आता इथे सापडणार नाही. मी काढून टाकली आहे. तिच्यातला नकाशा, पार्किंगचा फोटो, कुठे वळायचं आणि कुठे नाही, सगळं गेलं. आज मी त्याच जागेच्या दुसऱ्या प्रवासाबद्दल लिहिते आहे, पण गावाचं नाव लिहिणार नाही. प्रवासाचा ब्लॉग आणि पत्ताच नाही, हे विचित्र आहे, मला कळतं. शेवटपर्यंत वाचा आणि मग मला काय बोलायचं ते बोला.

जुनी पोस्ट न वाचलेल्यांसाठी थोडं मागचं. मी डार्मश्टाटला राहते, विद्यापीठात पॉलिमरवर संशोधन करते. निखिल, माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सासूबाई कोरेगावहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. त्याआधीच्या दीड वर्षात माझे दोन गर्भपात झाले होते. घरात तो विषय कोणी काढत नव्हतं, आणि न काढल्यामुळे तो सगळ्या खोल्यांमध्ये असायचा. त्यांना जरा फिरवून आणावं म्हणून एका रविवारी आम्ही ऱ्हाइनच्या पलीकडे द्राक्षमळ्यांच्या भागात गेलो. तिथे एका टेकाडावर दोन उभे दगड आहेत. चार-पाच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी रोवलेले. एक निखिलपेक्षा उंच, दुसरा माझ्या खांद्याइतका, दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर. गावातले लोक त्यांना 'ब्राउटपार' म्हणतात, म्हणजे नवरानवरी.

आम्हाला ते पुरातत्त्व होतं. सासूबाईंना नव्हतं. माळावर उभा दगड, तोही जोडीनं, म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून हळदी-कुंकवाचा करंडा आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, आणि आम्ही काही म्हणायच्या आत दोन्ही दगडांना माखलं. मग डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहिल्या. परत येताना गाडीत सांगितलं, की नवस बोललेय. लेकरू मांडीवर आलं की त्याला घेऊन येईन, दोघांना तेलानं न्हाऊ घालीन, ओटी भरीन.

मी नवस मानत नाही. पण फोटो फार सुंदर आला होता. हिरवी साडी, त्यावर जांभळा स्वेटर, पायात मोजे, दगडावर टेकलेला हात आणि मागे नुकते फुटलेले वेल. मी पोस्ट लिहिली, ती तुफान चालली. पुढच्याच महिन्यात मला दिवस गेले आणि ईरा झाली. तेव्हा मी काय केलं असेल, तर त्या पोस्टच्या खाली तिच्या पावलाचा फोटो टाकून एक ओळ वाढवली : 'नवस फळला'. ज्या बाईनं गरोदरपणातली प्रत्येक रक्ततपासणी तीन-तीनदा वाचली होती, तिनं हे लिहिलं. गंमत म्हणून लिहिलं. ती पोस्ट व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठे गेली. 'आम्हीही जाऊन आलो ताई' असे अभिप्राय येत राहिले आणि मी प्रत्येकाला बदाम पाठवत राहिले.

या एप्रिलमध्ये सासूबाई पुन्हा आल्या, त्या नवस फेडायलाच. ईरा तेरा महिन्यांची झाली होती. बॅगेत खण, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, बांगड्या. नारळ आणि एक लिटर तिळाचं तेल आम्ही स्टेशनाजवळच्या तुर्की दुकानातून घेतलं. खोबरेल का नाही, असं मी विचारलं, तर गेल्या वेळी हाताशी होतं ते घातलं, न्हाऊ घालायला तिळाचंच लागतं, असं उत्तर मिळालं. गेल्या वर्षी गुडघ्याचं दुखणं निघालं म्हणून त्यांचं येणं लांबलं होतं, आणि बोललेला नवस तसाच राहिलाय ही गोष्ट त्यांना फार खात होती. ईराला साधी सर्दी झाली तरी कोरेगावहून फोन यायचा, की बघ, आपलं देणं राहिलंय. त्यामुळे त्या सकाळी त्या चहासुद्धा न घेता गाडीत बसल्या. ओटी भरल्यावरच खाणार होत्या.

गाडी आम्ही तासावर भाड्यानं घेतली होती. बाबागाडी, गुडघा आणि रविवारच्या बसगाड्या यांचा मेळ बसत नाही. पेट्रोल धरून दिवसाचे साधारण सत्तर युरो झाले. ऱ्हाइन आम्ही पुलावरून नाही, फेरीनं ओलांडली. तुम्ही त्या बाजूला कुठेही गेलात तरी फेरीच घ्या. दहा मिनिटांची मजा आहे, सहा-सात युरो लागतात, सुटे ठेवा. सासूबाईंनी नदीचं नाव विचारून घेतलं, गाडीतूनच हात जोडले आणि काच खाली करून दहा सेंटचं नाणं टाकलं. फेरीवाल्यानं पाहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेला. मला तेव्हा हसू आलं होतं.

गावात चर्चच्या मागे गाडी लावली. तिथून दगडांपर्यंत मळ्यांमधून पंचवीस मिनिटांची चाल. वेलांना बोटाएवढे कोंब आले होते, मोहरीच्या शेतांचा पिवळा रंग डोळ्यांत जात होता, वाट काँक्रीटची असल्यानं बाबागाडी नीट चालते. सासूबाई पुढे, हातात ओटीचं ताट बांधलेला रुमाल. शेवटच्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं गुडघा दुखतोय.

दगडांना कुंपण होतं. रस्ता खणताना लावतात तसल्या उंच लोखंडी जाळ्या, चारी बाजूंनी, कुलूप लावलेल्या. आत दोन्ही दगड दिसत होते, पण मला पहिल्या नजरेत ते ओळखूच आले नाहीत. माझ्या आठवणीत ते करडे-पिवळसर होते. इथे मोठ्या दगडावर छातीच्या उंचीपासून जमिनीपर्यंत काळपट, चकचकीत डाग ओघळला होता. धाकट्याच्या पायाशी काजळी होती. आणि जाळीवर एक फलक. आडवी रेघ मारलेली ज्योत, आडवी रेघ मारलेली बाटली, आडवी रेघ मारलेला हात. खाली जर्मन, त्याखाली इंग्लिश, आणि सगळ्यात खाली, द्राक्षाच्या मळ्यात, देवनागरी. मशीननं केलेलं हिंदी होतं : 'पत्थर को चिकना मत करो'.

मी तो फलक किती वेळ वाचत होते कोण जाणे. देवनागरी कोणासाठी होती ते कळायला हुशारी लागत नव्हती. आपण कुठल्या तरी सरकारी चुकीच्या समोर उभे आहोत असं मन क्षणभर म्हणालं, मग तेही गप्प बसलं. सासूबाईंनी विचारलं, की काय झालं, देऊळ बांधतायत का? निखिल म्हणाला, दुरुस्ती चाललीय. त्या म्हणाल्या, मग किल्ली कुणाकडं असते ते विचार.

किल्ली आपणहूनच आली. मळ्यातून सायकलवर एक सत्तरीच्या बाई आल्या. आखूड पांढरे केस, बागकामाचे हातमोजे, मागच्या टोपलीत बादली. नाव फ्राऊ डिल. गावाच्या इतिहास मंडळातर्फे दगडांची देखभाल त्याच बघतात, बिनपगारी, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून. आमच्याकडे, रुमालात बांधलेल्या ताटाकडे आणि पिशवीतून डोकावणाऱ्या तेलाच्या बाटलीकडे त्यांनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. गेल्या दोन उन्हाळ्यांत फार लोक आले, त्या म्हणाल्या. आधी महिन्याला एखादं कुटुंब, मग दर शनिवार-रविवारी. गावानं पोलिसांत तक्रार दिली आहे, अज्ञात व्यक्तींविरुद्ध. 'आनझाइगे', म्हणजे तक्रार, हा शब्द ऐकताच निखिलनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज आठ महिन्यांपासून कचेरीत पडून आहे, आणि त्या अर्जात तुमच्यावर काही चौकशी चालू आहे का, असा एक रकाना आहे.

मग त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. त्यांच्या नातीनं इंटरनेटवर शोधून छापून दिला होता. त्यांनी तो उलगडला आणि मला विचारलं, तुम्हाला ही लिपी वाचता येते का.

माझीच पोस्ट होती. वरच्या शीर्षकापासून खालच्या ईराच्या पावलापर्यंत. ब्लॉगवर माझं नाव नाही, चेहरा नाही, म्हणून बाईंना कळायचं कारण नव्हतं.

"मशीनचं भाषांतर वाचलंय मी," फ्राऊ डिल म्हणाल्या. "पण ते इतकं चमत्कारिक आहे की माझा विश्वास बसत नाही. खरंच असं लिहिलंय का, की इथे तेल घातलं की मूल होतं?"

मी कागद हातात घेतला. अक्षरं दिसत होती, वाक्यं दिसत नव्हती. मी म्हणाले, हे एक साधं प्रवासवर्णन आहे. कुणीतरी इथे येऊन गेलं, त्यांना जागा आवडली, एवढंच आहे. हे मी इतक्या स्वच्छ जर्मनमध्ये बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. निखिल बुटाच्या नाडीकडे बघत होता. मी खोटं बोलले हे त्याला कळलं होतं, आणि त्यानं मला थांबवलं नाही.

सासूबाई तोवर बाकावर ईराला घेऊन बसल्या होत्या. कागद दिसला म्हणून उठून आल्या. त्यांना जर्मनमधलं 'हालो' सोडून काही येत नाही. त्यांनी माझ्या हातातला कागद आपल्याकडे वळवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, ही मीच की," त्या म्हणाल्या.

आणि फ्राऊ डिलना कळावं म्हणून त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. अंगात तोच जांभळा स्वेटर होता. या लांबच्या देशातल्या कुणा बाईनं आपला फोटो घडी घालून जपून ठेवलाय, या कल्पनेनं त्या हरखून गेल्या होत्या. त्यांनी फ्राऊ डिलना हात जोडून नमस्कार केला. मग ईराचं पाऊल धरून फोटोतल्या पावलाशेजारी नेलं, हीच ती, म्हणून.

मी आयुष्यात इतकी हादरले नव्हते. परीक्षेत नाही, इस्पितळात नाही. तिथे जे घडलं ते माझ्यावर आलेलं होतं. हे मी केलेलं होतं, आणि ज्या बाईला काहीच लपवायचं नव्हतं तिनं ते एका बोटानं सांगून टाकलं होतं. फ्राऊ डिल स्वेटरकडे बघत होत्या. मग माझ्याकडे.

"हो," मी म्हणाले. "मी लिहिलंय ते. हो, तसंच लिहिलंय."

मग मी थांबले नाही. नवस म्हणजे काय, दोन गर्भपात, फोटो, ती वाढवलेली ओळ, बदाम, सगळं सांगितलं. माझ्या मागे निखिलनं दीर्घ श्वास सोडलेला मला ऐकू आला. फ्राऊ डिलनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की तुम्ही काय काम करता. रसायनशास्त्र, असं मी सांगितलं. सच्छिद्र वालुकाश्मात तेल किती खोल मुरतं, हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. दोन वर्षं, यायला हवं होतं तेव्हा, ते माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

त्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाल्या, या, बघून घ्या.

आत सासूबाईंनी चपला काढल्या. मी त्यांना सांगितलं होतं, की ओटी थांबवा जरा, आधी या बाई काय दाखवतायत ते बघू. जवळून दगड आणखी वाईट होता. डागाला वास होता, जुन्या समईसारखा. मेणाचे ओघळ, भेगेत अडकलेले तांदूळ, दुधाचा वाळलेला पांढरट पट्टा. उचलून नेण्यासारखं होतं ते फ्राऊ डिल एका खोक्यात भरून ठेवत होत्या : बांगड्या, दोरे, नारळाच्या शेंड्या आणि चार लहान-लहान पाळणे. एक लाकडी, बाकी प्लास्टिकचे. या वस्तू टाकवत नाहीत, त्या म्हणाल्या, कुणीतरी काहीतरी मनात धरून आणलेल्या असणार. पाळणा कशासाठी असतो ते मी सांगितलं. ते चार पाळणे टांगणाऱ्या चार बायका कोण असतील, आणि त्यांनी माझी ती गमतीची ओळ कोणत्या मनानं वाचली असेल, हा विचार मला तिथे पहिल्यांदा आला.

मग फ्राऊ डिलनी धाकट्या दगडाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे तेल पोचलं नव्हतं. दगडावर ताटलीएवढं, करड्या-हिरवट रंगाचं, झालरीसारख्या कडांचं काहीतरी पसरलेलं होतं. असंच एक मोठ्या दगडावर पुढच्या बाजूला होतं, त्या म्हणाल्या. शाळेतून सहलीला आणायचे तेव्हा ते पाच फेनिगच्या नाण्याएवढं होतं, आणि गुरुजी सांगायचे की याला हात लावायचा नाही, हे जिवंत आहे. साठ वर्षं ते त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलं. वर्षाला एक-दोन मिलिमीटर. आता त्या जागी तपकिरी कपच्या होत्या, बोट लावलं तर गळणाऱ्या. तेलानं जे मेलं नाही ते लोकांनी खरवडून काढलं होतं.

मी हे सगळं सासूबाईंसाठी मराठीत सांगत होते, जमेल तसं मऊ करून. त्या ऐकत नव्हत्या. त्या वाकून ती झालर बघत होत्या. इथे एक सांगायला हवं. कोरेगावात आमच्या गल्लीतला सगळा काळा मसाला त्यांच्या हाताखालून जातो. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात त्या धणे, खसखस, नागकेशर, दगडफूल निवडत आल्या आहेत. ते बाजारातून वाळलेलं येतं, किलोच्या पिशवीत, काड्या-कचरा वेगळा करून घ्यायचा.

"हे दगडफूल आहे," त्या म्हणाल्या. "जितं."

मी हो म्हणाले. अगदी तेच नसेल, पण त्याच जातीचं.

त्यांनी कागद पुन्हा मागितला. मी काढलेला तो फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला. हिरवी साडी, जांभळा स्वेटर, दगडावर टेकलेला हात. मग त्या मोठ्या दगडासमोर गेल्या, त्याच जागी उभ्या राहिल्या, हात उचलला आणि दगडाला न लावता तसाच हवेत धरला. हाताखाली त्या तपकिरी कपच्या होत्या.

"कुंकू बसंना म्हणून मी नखानं काढलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मळ आहे. देवाचं तोंड पुसावं तसं पुसलं मी."

हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं नाही, दगडाकडे बघून सांगितलं. पहिला हात त्यांचा होता हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा कॅमेऱ्यातून बघत होते. बाकीच्यांनी त्या फोटोत बघितलं आणि तसंच केलं. मी हे फ्राऊ डिलना भाषांतर करून सांगावं की नाही, या विचारात असताना सासूबाई म्हणाल्या, सांग तिला. मी सांगितलं.

त्यानंतर त्यांनी विचारायला लावलं, की आता काय घातलं तर ते परत येईल. दूध, ताक, शेणपाणी, काहीही सांगा, आम्ही करू. फ्राऊ डिल म्हणाल्या, निश्ट्स. काहीच नाही. डाग काढायला वर्षाअखेर तज्ज्ञ येणार आहे, बाकी पाऊस आणि ऊन. आपण फक्त लांब राहायचं. किती वर्षं लागतील, असं सासूबाईंनी विचारलं. मी तो हिशोब सांगितला : नाण्याएवढं व्हायलाच दहा-पंधरा, आधी होतं तेवढं व्हायला साठ-सत्तर, तेही आलं तर. त्यांना वाटलं मी काही चुकीचं सांगतेय, म्हणून पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं.

ओटी भरली नाही. त्यांनी रुमालाची गाठ सोडलीच नाही. ईराला फक्त कडेवर घेतलं, दोन्ही दगडांसमोर हातभर लांब धरलं, आणि परत घेतलं.

निघताना फ्राऊ डिलनी मला सांगितलं, की तुमच्या भाषेत एक फलक लिहून द्या, आमचं हिंदी कुणी ऐकत नाही. मी पेन काढलं आणि लिहायला लागले : हे संरक्षित स्मारक आहे, स्पर्श करण्यास सक्त मनाई आहे. सासूबाईंनी काय लिहितेय ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि खोडायला सांगितलं. मनाई लिहिलीस तर लोक जाळीतनं हात घालतील, त्या म्हणाल्या. देवाला चालत नाही म्हण. म्हणजे कुणाची छाती होणार नाही. शेवटी त्यांनी सांगितलेलंच लिहिलं : 'या जोडीला तेल, कुंकू, दिवा, नारळ, दूध काहीही चालत नाही. लांबून हात जोडा. अंगावरचं फूल जितं आहे.' फ्राऊ डिलनी विचारलं, यात देव आहे का. मी म्हणाले, जरासा आहे. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. तो माझ्याच पोस्टचा कागद होता, मागची कोरी बाजू.

गावात एक वाईनवाले आपल्या अंगणात वसंतात काही आठवडे खानावळ उघडतात. दारावर फुलांचा झुबका टांगला की उघडी आहे असं समजायचं. ताजा पाव, मीठ-कांद्याचं मऊ चीज, आणि दारू न पिणाऱ्यांसाठी द्राक्षांचा रस. तिघांचे तीस युरो पुरतात. अशा जागा त्या बाजूला गावोगाव आहेत, जरूर जा. आम्ही बसलो, पण सासूबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. ओटी भरायची राहिली तर उपास कसा सोडायचा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. फेरीवर त्या म्हणाल्या, नवस फिटला नाही गं. मी म्हणाले, अहो आई, असू दे. त्या म्हणाल्या, असू दे कसं. घरी आल्यावर त्यांनी ईराला भरवून उरलेला वरणभात खाल्ला, उभ्यानंच.

त्या आठवड्यात मी पोस्ट काढली. अभिप्राय देणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवला. काहींनी ऐकलं, काहींनी मला धर्म शिकवला, एकीनं फक्त विचारलं, की ताई, मग आता कुठे जाऊ. तिला मी माझ्या डॉक्टरांबद्दल लिहिलं, आणि ती ओळ मी गंमत म्हणून लिहिली होती हेही लिहिलं. स्मारक-खात्याला मी स्वतःहून पत्र लिहिलं, नावासकट. निखिलनं ते वाचून एका जागी व्याकरण सुधारलं आणि पाठव म्हणाला. उत्तर पिवळ्या पाकिटात आलं, इथे सरकारी नोटिसा येतात तसल्या. आत एवढंच होतं, की डाग काढणाऱ्या तज्ज्ञाला नेमकं काय-काय लावलं गेलं ते हवं आहे. मी यादी करून पाठवली : खोबरेल, तीळतेल, तूप, हळद, कुंकू, कापूर, दूध, नारळाचं पाणी. तक्रारीचं पुढे काय, हे पत्रात नव्हतं. निखिलचा अर्ज अजून तिथेच आहे.

सासूबाई मेच्या पहिल्या आठवड्यात परत गेल्या. पावसाच्या आत मसाला करायचा असतो. जूनच्या शेवटी निखिलच्या ऑफिसातला एकजण पुण्याहून येणार होता, त्याच्याबरोबर त्यांनी नेहमीसारखा डबा पाठवला. मी त्याच दिवशी आमटी केली. निखिल पहिल्या घासाला थांबला. मीही थांबले. तिखट होतं, रंग होता, पण आमटी कोरेगावची लागत नव्हती. मला वाटलं घाईत काहीतरी घालायचं राहिलं असेल, म्हणून फोन लावला.

"अहो आई, मसाल्यात काही विसरलं का?"

"विसरलं नाही," त्या म्हणाल्या. "दगडफूल सोडलंय मी. गल्लीतल्यांनाही सांगितलंय, हवं असेल तर आपापलं घाला."

लोक काशीला जाऊन आले की एखादं फळ, एखादी भाजी सोडतात, तसं त्या बोलत होत्या. मी विचारलं, कधीपर्यंत.

"तिकडं त्या दगडावर परत येईपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि ईरा जेवली का ते विचारायला लागल्या.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. किती वर्षं लागतील, ते त्यांनी त्या दगडासमोर उभं राहून माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं होतं. निखिलनं खुणेनं विचारलं, काय झालं. मी त्याला सांगितलं, आणि आम्ही आमटी तशीच खाल्ली.